बेटाच्या सहा वह्या

१६ जुलै १९३४
सहावी वही भरली. बेटावर विहिरी चौदा, घरं एकतीस, भरतीचं कोष्टक तिथीवार. बंदराच्या पायऱ्या पुन्हा मोजल्या — नकाशात बासष्ट, वहीत साठ! दोन खोडल्या तेव्हा जीव भांड्यात पडला.

१९ जुलै
तुळसाआक्का केळशीहून माहेरी आली. आल्या आल्या वह्या मागितल्या. बेट मूळचं तिचंच. आप्पा होडी घेऊन गेले ते परत आले नाहीत, तेव्हा मी सहा वर्षांचा, ती दहाची. पडवीत बसून म्हणाली होती, "आप्पा बुडले नाहीत रे. बेटाला लागलेत." मी विचारलं, तिथे गोडं पाणी आहे का? तिने कोळशाने भिंतीवर विहीर काढली. मी म्हटलं, जेवतात काय? तिने फणस काढला. दिवसभर मी विचारायचं, तिने काढायचं. सुखाचे दिवस होते ते — लिहायला लाज वाटते, पण होते.

आज सगळं चाळून म्हणाली, "बारा वर्षं बेट बांधतोयस. यात आप्पा कुठायत?"

खरंच नाहीत!

२२ जुलै
दादूकाका येऊन गेले. आप्पांना जाऊन बारा वर्षं झाली, आता दर्भाचा पुतळा करून दहन करायचं. मग आईने कुंकू पुसायचं. अमावास्येच्या आत. आई तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

आक्का परसात म्हणाली, "त्याआधी गोष्ट लिही. एकदा तरी पोचू देत ते बेटावर."

२४ जुलै
बोरूला चार वेळा टोक केलं. ओळ एकही नाही.

२७ जुलै
लिहिलं! दीड पान. आक्काला वाचून दाखवलं — नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, दुसऱ्या दिवशी आप्पांनी होडी काढली.

आक्का हसली. मग हसायची थांबली.
"आप्पा आषाढात गेले. तू श्रावण कशाला घातलास?"
"आषाढात होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. वाचणारा म्हणेल, याला दर्यातलं काही कळत नाही."
"मग का काढली, ते लिही ना, मास्तर!"

गाव म्हणतं, हट्टी माणूस. मला तेवढंच ठाऊक. सहा वह्यांत कारण कुठेच नाही.

आई चुलीपाशी होती. भाकरी करपली.

३० जुलै
पान फाडलं. आषाढ लिहिला. कारणापुरती जागा कोरी सोडली.

२ ऑगस्ट
आई पडवीत येऊन समोर बसली. तिला वाचता येत नाही. कोऱ्या जागेवर बोट ठेवलं — "हितं काय ऱ्हायलंय?"

सांगितलं.

मग म्हणाली, "तुला ताप व्हता. डोळे फिरवलेस. खाडीला पूर, वाट बंद. मीच म्हटलं, हर्णैचा वैद्य आणा. दादूला शपथ घातली व्हती, पोराला सांगायचं नाय."

उठताना म्हणाली, "लिही. कुंकू पुसायच्या आधी मला वाचून दाखव."

३ ऑगस्ट
'पोराला ताप होता, म्हणून आप्पांनी आषाढात होडी काढली.'

पुढे कुठे जागा सोडली नाही.