हललेली झाडं

३ डिसेंबर
जुन्या फोटोची काच भंगारवाल्याकडून फुकट मिळाली, असं घरी सांगितलं. खरी किंमत — चालता टेबलपंखा, घसा बसेपर्यंत घासाघीस, आणि "फुकट? मग पंखा कुठंय?" एवढंच विचारून बायकोने धरलेला अबोला.

पण वसूल! काचेवर आपली घळ आहे. कोपऱ्यात लिहिलेलं साल माझ्या जन्माआधीचं. दोन्ही उतार उघडे, त्यांवर नुसतं धुकं. झाड औषधालाही नाही. फोटो स्टुडिओ सांभाळून मी दर पावसाळ्यात वरून पोत्यांनी बी उधळलं, तेव्हा कुठे हे रान उभं राहिलं. झाडन् झाड माझं! घळीच्या तोंडाशी माझ्या नावाचा दगड बसणार आहे. पुरावा म्हणून शेजारी ही काच.

४ डिसेंबर
पाथरवट म्हणाला, "काका, नावाखाली 'वनाचे जनक' नक्की ना? दगड आहे, मागून खोडता येत नाही." कोर म्हटलं. पाठ फिरवल्यावर तो हसला. कान शाबूत आहेत माझे!

७ डिसेंबर
सुनेला घेऊन घळीत. ती कॉलेजात झाडंच शिकवते. जुना फोटोवाला कुठे उभा होता ते शोधलं — काचेतल्यासारखा मागचा सुळका खडकाआड जाईपर्यंत मागे सरकत सरकत. सापडली जागा! तिथूनच फोटो घेतला. सुनेने उंबराला कवेत घेऊन पाहिलं, हात पुरेनात. "बाबा, हा तुमच्याहून थोरला दिसतो." म्हटलं, हाताला गुण आहे माझ्या!

९ डिसेंबर
दोन्ही फोटोंवर भिंग धरलं. सून म्हणाली, "खडक इतके रेखीव, मग धुकं फक्त उतारांवरच कसं?"

भिंग पुसून पुन्हा धरलं. मग ट्यूब पेटली! तेव्हा कॅमेऱ्याचं झाकण काढून सावकाश आकडे मोजत थांबावं लागे. वारा सुटला असणार. खडक कशाला हलतोय? पानं हलली आणि पुसली गेली. धुकं कसलं — भरलं रान आहे ते! भिंगाखाली बुंधे दिसले. उंबर तर आहे त्याच जागी.

जन्मभर गिऱ्हाइकांवर "हलू नका" म्हणून ओरडलो, आणि हललेला फोटो मलाच ओळखू येऊ नये! बायको खो खो हसली. अबोला सुटला.

१० डिसेंबर
पाथरवटाकडे धावलो. "काका, 'वनाचे' कोरून झालं. आता?"
म्हटलं, पुढे 'शेजारी' कोर.

१४ डिसेंबर
सुनेने अख्खी घळ पालथी घातली. माझ्या बियांचं म्हणता येईल असं एकच झाड निघालं — घळीच्या तोंडाशी, एक चिंच.

पाथरवट म्हणतो, चिंचा विकणारी बाई पूर्वी तिथेच बसायची.