पाटी तुमच्या टेबलावर होती

बाई, तुम्हाला कारखान्यातून जाऊन वीस वर्षं झाली, तरी तुमचा आवाज माझ्या कानातून जात नाही. झाडू मारणाऱ्या चौथी शिकलेल्या बाईला कॉम्प्युटरवर बसवलंत, म्हणून सगळे तुम्हाला दयाळू म्हणायचे. मी म्हणत नाही. ही उलट बोलणार नाही, एवढं बघून तुम्ही मला निवडलंत.

बोईसरच्या त्या कापडाच्या रंगांच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं मशीन एकच होतं, पडदे दोन. एक तुमच्या लॅबमध्ये, एक माझ्या गोडाऊनमध्ये, आणि दोन्हींवर पिंपांची एकच यादी. पिंप पास की फेल ते तुम्ही लिहायचं, ते कुठल्या रांगेत ठेवलं ते मी. दोघींनी एकदम वाचली तर काही बिघडत नाही. पण दोघींनी एकदम लिहायला उघडली, तर जी शेवटी बंद करेल तिचंच राहतं, आधीचीचं पुसून जातं. हे तुम्हीच शिकवलंत, माझ्या बोटांवर फूटपट्टी मारून. मग लाकडाची एक पाटी केलीत. पाटी जिच्याकडे, तिनेच लिहायचं, दुसरीने नुसतं बघायचं. ती मागायला मी लॅबच्या दारात यायची आणि तुम्ही मुद्दाम मान वर करायच्या नाहीत. "उभी राहा. बेटेगावच्या लोकांना घाई कसली गं? म्हशी सुटल्यात का तुझ्या?" सगळी लॅब हसायची. एकदा तासभर उभं ठेवलंत, आणि पाटी टेबलावर नुसती पडलेली.

त्या दिवशी ट्रक दारात उभा आहे. ड्रायव्हर ओरडतोय, "दीदी, जल्दी करो ना!" मी तुमच्या दारापर्यंत येते, आतलं हसणं ऐकते आणि तशीच मागे फिरते. पाटीशिवाय यादी लिहायला उघडते, तशीच उघडी ठेवून रांगा बघून येते, आकडे भरते, बंद करते. तेवढ्या वेळात तुम्ही चौदा नंबरचं पिंप परत तपासून पासचं फेल करून ठेवलं होतं. माझ्या यादीत ते सकाळचंच, पास. माझी यादी शेवटी बंद झाली. पिंप ट्रकमध्ये चढलं.

चार दिवसांनी माल परत आला. गिऱ्हाइकाच्या कापडावर सगळे डाग. शेठनी दोघींना बोलावलं. "मी फेल लिहिलं होतं," तुम्ही म्हणालात. कुठे लिहिलं होतं? कॉम्प्युटर असताना वही कशाला, म्हणून वहीत लिहायचं तुम्हीच सोडलं होतंत. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. तुमचे मिस्टर अंथरुणाला खिळलेले, घर तुमच्या एकटीच्या नोकरीवर, हे मला ठाऊक होतं.

"तू पाटीशिवाय लिहिलंस का? खरं सांग गं."

"नाय बाई. तुमीच शिकवलंत ना, पाटीशिवाय हात लावायचा नाय."

शेठ म्हणाले, "पाटी तर तुमच्याच टेबलावर होती, बाई. मग तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" त्याच दुपारी तुम्हाला घरी पाठवलं. पुढच्या महिन्यात तुमच्या जागी मी बसले.

पुढे नवा प्रोग्राम आला. एकजण लिहीत असला की मशीनच दुसऱ्याला थांबवतं, पुसून काही जात नाही. बसवायला आलेला माणूस मला समजावत होता, "पूर्वी इथे किती घोळ झाले असतील, कळलंही नसेल कुणाला." मी मान डोलावली आणि त्याला चहा दिला.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. माफीही मागत नाही. नोकरीच्या भीतीने खोटं बोलले असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, तेवढं मात्र खरं नाही. तुम्ही "खरं सांग गं" म्हणालात तेव्हा खरं माझ्या ओठांवर आलं होतं. पण शेठसमोर तुमची मान खाली गेलेली होती, आणि मला ती अजून थोडा वेळ बघायची होती.