उजव्या खांद्यावरचं मलम

प्रिय ढब्बू,

पोचल्याचा फोन केलास, बरं वाटलं. आता हातात पत्र पडल्यावर म्हणशील, म्हातारीला फोन असताना कागद कशाला लागतो? अरे, फोनवर माझी जीभ कशी वळते ते मला चांगलं ठाऊक झालंय. म्हणून कागद. तू निघताना दारात बूट घालता घालता शेजारच्या मास्तरांना म्हणालास, नऊ वर्षांत बाबांनी एकदा माझं नाव घेतलं नाही, जाताना तरी कुठलं घेणार. मी तुझी पाण्याची बाटली भरत होते. ऐकलं सगळं. झाकण घट्ट लावलं आणि बाटली तुझ्या हातात दिली.

नऊ नव्हे, पण आठ वर्षं नाव घेतलं नाही, हे खरंच. दुकान सोडून तू लिफ्ट दुरुस्त करायला गेलास, तेव्हा टेबलावर हात आपटून यांनी सांगितलं होतं, या घरात त्याचं नाव काढायचं नाही. तूही काही कमी नाहीस, मागे वळून पाहिलं नाहीस. बापलेकांच्या हट्टापायी मी मधल्यामधे वाळून गेले, ते कोणाला दिसलं? असो. भांडायला नाही बसले मी.

औषधांच्या दुकानात तो माणूस नावांवरच जगला. गिऱ्हाइकाने नुसतं ती पांढरी गोळी द्या म्हटलं की खेकसायचे, माझ्याकडे चारशे पांढऱ्या गोळ्या आहेत, नाव विचारून या! मलमं, लेप, थेंब, चाटणं, सगळं तोंडपाठ. तुझं नावही दुकानातलंच. दोन वर्षांचा असताना तुला वजनाच्या काट्यावर उभं केलं, काटा पाहिला आणि गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने हसून ढब्बू म्हणाले. तेच चिकटलं. आणि गेल्या वर्षी अर्धांगाच्या एका झटक्यात त्याच माणसाचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि सगळी नावं गेली.

उरले दोन शब्द. एक नको. दुसरा ढब्बू.

जीभ जड झालेली, त्यामुळे डबू असं काहीतरी यायचं. बोलायला शिकवायला बाई यायच्या, त्या म्हणाल्या, फार अर्थ लावत बसू नका, कधीकधी एखादा आवाज तोंडात अडकून राहतो. म्हटलं, बरं. पण मी काय दिवसभर दुसरं करत होते? त्यांच्याकडेच तर बघत होते. सुई टोचली की नको. चहा हवा असला की डाव्या हाताने नुसतं कपाकडे बोट. पण खांद्यावर शेकाची पिशवी ठेवली की ढब्बू. गुडघ्याखाली उशी सरकवली, ढब्बू. तापात कपाळावर ओली पट्टी, ढब्बू. मलमाची डबी नुसती उघडली तरी वासानेच डोळे मिटायचे आणि म्हणायचे. ज्या ज्या गोष्टीने बरं वाटायचं, त्या सगळ्यांना त्यांच्याकडे आता एकच नाव होतं. आणि मलम चोळणारा हात माझा होता, बाळा. रात्रंदिवस माझा.

मग एका बुधवारी बाईंनी घरातल्या माणसांचे फोटो मागितले, ओळखतात का बघायला. मी माझा ठेवला. ते बघत राहिले, बोलले काही नाही. मग कपाटाच्या तळातून तुझा काढला, लिफ्टच्या कामाच्या कपड्यातला, तू पहिल्या महिन्यात पाठवलेला, जो त्यांनी तेव्हा हातातही घेतला नव्हता. डाव्या हाताने त्यांनी तो ओढून घेतला. कितीतरी वेळ पाहिला. नंतर उचलून उजव्या खांद्यावर ठेवला, जिथे मी रोज मलम लावायचे तिथे, आणि वरून तळवा दाबून धरला. शेक घेतल्यासारखा. बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी स्वयंपाकघरात गेले.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. त्याच बुधवारी संध्याकाळी तुझा फोन आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा तू यांचं विचारलंस. आधी इकडचं तिकडचं बोललास, मग हळूच, बाबा माझ्याबद्दल काही बोलतात का? आणि मी म्हणाले, नाही रे. नुसतं एवढंच. का म्हणाले? हेवा वाटला मला, दुसरं काय. एकतीस वर्षं मी अगं या एका हाकेवर धावले आणि तीसुद्धा त्यांच्यापाशी उरली नव्हती. तू येशील, शेजारी बसशील, ते ढब्बू म्हणतील आणि मी दाराआड चादरी पिळत असेन, हे डोळ्यांसमोर आलं. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. उद्या उद्या करत सतरा दिवस गेले आणि अठराव्या दिवशी सकाळी ते गेले. तू आलास तेव्हा बघायला फक्त चेहरा होता. तुझ्यापासून मी तुझे बाबा दुसऱ्यांदा हिरावले. पहिल्यांदा त्यांनी, दुसऱ्यांदा मी. तो फोटो सोबत पाठवतेय. मागे पिवळट डाग आहे, तो मलमाचा आहे, पुसू नकोस. शेवटच्या सकाळी तो त्यांच्या खांद्यावरच होता. तुला यायला सांगायचं तोंड मला नाही. शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण फोन कर. आता विचारशील ते खरं सांगेन.

तुझीच, त्या दिवशी खोटं बोललेली,
आई