सातव्या खुर्चीचा आवाज

प्रिय मास्तरीणबाई,

पत्र उघडल्या उघडल्या तू आधी माझे ऱ्हस्व-दीर्घ तपासशील. तपास. लाल पेन हाताशी ठेव, पण शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं आहे. सोमवारी सकाळी नऊ वाजता तुझ्या बाबांची चौकशी आहे. पार्कच्या ऑफिसात, मॅनेजरबाई आणि बाहेरून येणारे दोन तपासनीस यांच्यापुढे. ज्या माणसाने तीस वर्षं तिथला एकेक पाळणा हाताने सांभाळला, त्याला निष्काळजी ठरवून घरी बसवायचं की नाही, ते तिथे ठरणार आहे. आणि गेले अठरा दिवस तू त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाहीस. त्यांना कमी ऐकू यायला लागलंय, त्यांनी वेळेवर थांबायला हवं होतं, असं तू परत हॉस्टेलला निघताना मला म्हणालीस. मी मान हलवली. त्या मान हलवण्याबद्दल हे पत्र आहे, असं समज.

मी कॉलेज का सोडलं ते तुला पाठ आहे. सरांनी सगळ्यांसमोर माझी वही भिरकावली, मी डोक्यात राख घालून तीच वही फाडली आणि निघून आलो. लोकांना सांगत फिरलो की शिक्षणात काही राम नाही. खरं तर चौथ्याच दिवशी मी परत यायला तयार होतो, पण कुणी बोलावलं नाही. पार्कात नोकरी धरली, त्याचंही कारण मी सगळ्यांना वेगळं सांगितलं. खरं कारण एवढंच, की तिथे तुझे बाबा, म्हणजे आमचे काका, फिटर होते आणि दुपारी डबा खाताना तुझी खबर कळायची. तुझ्या हॉस्टेलच्या गिझरपासून तुझ्या सर्दीपर्यंत मला सगळं माहीत असायचं. काकांना हे कळत नव्हतं असं मला वाटायचं. एकदा ते डबा बंद करता करता म्हणाले, आज काही खबर नाही, उद्या विचार. मी पाणी प्यायला उठलो.

त्यांची सकाळची पद्धत तू लहानपणी पाहिली असशील. फाटक उघडायच्या आधी प्रत्येक पाळणा एकदा रिकामा फिरवायचा, एकदा वाळूची पोती बांधून फिरवायचा, आणि मग स्वतः बसून डोळे मिटून ऐकायचं. मग उतरून कठड्याला हिरवी पट्टी बांधायची. पट्टी नाही तर पाळणा बंद, मग बाहेर रांग कितीही लांब असो. यंत्र बिघडायच्या आधी सांगतं, आपण तेवढं गप्प बसलं पाहिजे, असं ते म्हणायचे. मला म्हणायचे, तुला यंत्र कळेल, गप्प बसणं कधी कळेल ते देवाला ठाऊक.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. तू सुट्टीला आलीस आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, पार्कात ये, फुकट फिरवतो. तू म्हणालीस, दुधाचे दात पडल्यावर तुमच्याकडे कुणी काय करायचं. हसत म्हणालीस, मी पण हसलो. पण ते मला इतकं लागलं की पुढच्याच आठवड्यात मॅनेजरबाईंच्या बैठकीत मी न विचारता उभा राहिलो. म्हटलं, आपल्याकडे घोड्यांचं चक्र आहे, कपबशा आहेत, धुराची छोटी गाडी आहे, आणि गाडीच्या फलाटावर बाकं आहेत. त्या बाकांवर कोण बसतं ते बघा. तेरा-चौदा वर्षांची पोरं, मोबाईलमध्ये तोंड घालून, आईबापांनी ओढून आणलेली. कुटुंब म्हणजे काय फक्त चार वर्षांचं पोर आणि त्याचे फोटो काढणारे दोघं? त्या मोठ्या पोरांना ओरडायला, घाबरायला जागा नको? ती द्या, म्हणजे सगळं घर येईल. मी ते तुझ्यासाठी बोललो, पण खोटं नव्हतं बोललो. आजही मला ते पटतं.

काका सगळ्यांच्या मागे उभे होते. ते म्हणाले, आणा, मी नाही कशाला म्हणू. पण घोडा बिघडला तर पोर रडतं. हे बिघडलं तर काय होईल? ते ऐकायला माणूस वाढवा, आणि बिघडलं की दिवसभर बंद ठेवायची तयारी ठेवा. मी फटकन म्हटलं, काका, सगळं घोड्याच्या चालीने चालत नसतं. सगळे हसले. तेही हसले. पाळणा आला, माणूस वाढवला नाही.

पाटीवर त्याचं नाव गरुडभरारी. आम्ही सगळे त्याला ओकारी म्हणतो. बारा खुर्च्या, खांद्यावरून छातीवर उतरणारा जाड दांडा, कमरेला पट्टा, आणि खुर्च्यांसकट सगळी भुजा वर जाऊन उलटी होते. पहिल्या सकाळी काका त्यात बसले आणि उतरल्यावर कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले. इथून पुढचं तुला माहीत नाही आणि ते तुला सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं, कारण तुझी परीक्षा होती. त्यांना चक्कर येते. आतल्या कानाचं काहीतरी आहे, मान मागे गेली की घर फिरतं. ऐकू त्यांना तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं येतं. पण ओकारीत बसणं त्यांना शक्य नव्हतं, आणि हे मॅनेजरबाईंना कळलं असतं तर नोकरी त्याच दिवशी गेली असती. म्हणून त्यांनी मला बसवायला सुरुवात केली. दोन आठवडे शिकवलं. हा आवाज साखळीचा, हा वाऱ्याचा, हा दांडा बसल्याचा. रोज सकाळी मी उलटा होऊन ऐकायचो, खाली येऊन सांगायचो, आणि ते पट्टी बांधायचे. मला इतका अभिमान कुठल्याच परीक्षेने दिला नव्हता.

पाळणा चालला हे खरं. बाकं रिकामी झाली. पण एक गोष्ट मी बैठकीत धरली नव्हती. पोरगं वर जायचं आणि बाकीचं घर खाली उभं राहायचं, त्याच्या चपला आणि चष्मा हातात घेऊन, माना वर करून. एक आजोबा तर डोळे मिटूनच उभे असायचे, नात खाली आली की उघडायचे. घोड्यांवर सगळे एकत्र बसायचे. मी काकांना हे म्हटलं, तर ते म्हणाले, मग काय झालं, वाट बघणं हेही घरच्यांचंच काम.

आणि मग तो रविवार. आदल्या दिवशी तुझा निरोप आला होता, चार मैत्रिणींना घेऊन येतेय, बघू तुझा गरुड. मी सकाळी सातलाच पार्कात होतो. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी. ओकारी रिकामी फिरली, पोत्यांनिशी फिरली, मग मी बसलो. खाली आलो. काका म्हणाले, काय? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी पट्टी बांधली.

पुढचं तू पाहिलंस. तुम्ही पाचजणी रांगेत, कठड्याच्या अगदी जवळ, पुढची फेरी तुमचीच. भुजा वर गेली आणि सातव्या खुर्चीचा दांडा वीतभर सुटला. सुटल्याबरोबर यंत्र आपोआप थांबलं, पण थांबलं ते वर, तिरकं. त्या खुर्चीत एक बँकेतल्या बाई होत्या, शेजारी त्यांचा मुलगा. कमरेच्या पट्ट्यावर आणि दोन हातांवर त्या लटकून राहिल्या. मी शिडीने वर गेलो, त्या दांड्याला पाठ लावली आणि पंचवीस मिनिटं रेटून धरला. काकांनी खालून हाताने चाक फिरवून भुजा उतरवली, इंच इंच. बाईंचा खांदा निखळला. अजून हात गळ्यात आहे, महिनाभर तरी राहील. मुलगा वर असताना आईला गणिताचे पाढे म्हणून दाखवत होता, तिने खाली बघू नये म्हणून. ते पाढे मला रोज ऐकू येतात. सतरापर्यंत पोचला होता.

खाली आल्यावर तू सगळ्यांसमोर माझा हात धरलास. तीन वर्षं मी ज्या गोष्टीची वाट पाहिली ती अशी मिळाली. तू रडत होतीस. म्हणालीस, तू होतास म्हणून. त्यानंतर रोज तुझे फोन, रोज तुझा आवाज, जेवलास का, पाठ दुखते का. आणि बाबांचं नाव काढलं की गप्प.

सातव्या खुर्चीत आवाज होता. भुजा उलटी होताना, दांड्याच्या मुळाशी. बारीक होता, पण होता, आणि मला तो ऐकू आला. काकांना सांगितलं असतं तर त्यांनी दांडा उघडला असता, दिवसभर ओकारी बंद राहिली असती, आणि तू मैत्रिणींसमोर म्हणाली असतीस, बघा, दुधाच्या दातांचं पार्क. एवढंच कारण. दुसरं काही नाही. शोधून पाहिलं, यापेक्षा मोठं कारण सापडत नाही. त्या संध्याकाळी काकांनी मला एकदाच विचारलं, खरंच काही नव्हतं ना रे? मी म्हटलं, नव्हतं. त्यांनी विश्वास ठेवला. आणि कागदावर लिहून दिलं की सकाळी आपण स्वतःच बसलो होतो, आवाज नव्हता. त्यात माझं नाव कुठेच नाही.

आता पार्कात जो तो हुशार झालाय. ज्यांना पाळणा नको होता ते म्हणतात, बघा, कुटुंबाच्या जागेत असली थेरं कशाला. ज्यांना हवा होता ते म्हणतात, पाळण्यात दोष नाही, म्हातारा बहिरा. ओकारी मोडीत काढायचीही बोलणी चालू आहेत. मी रोज कुणाशी तरी भांडतो आणि भांडता भांडता माझ्या लक्षात येतं, की या सगळ्यांना एकच गोष्ट माहीत नाही आणि ती मला माहीत आहे. मग भांडण अर्धवट सोडून मी कामाला लागतो.

आज सकाळी मी तुमच्या घरी गेलो. काका टेबलाशी नुसते बसले होते, समोर चहा गार झालेला. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. वाटलं, हात उगारतील. वाटलं, उगारावा. ते म्हणाले, म्हणजे आवाज होता. मी म्हटलं, होता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. कसा? टक, का खट? मी चमच्याने टेबलावर करून दाखवला. नाही, म्हणाले, लाकडावर नाही, कपावर कर. कपावर केला. हळू. एकदाच, का दोनदा? असं आम्ही दहा मिनिटं करत होतो, शेवटी तुझ्या आईने फुटेल म्हणून कप उचलून नेला. काकांचे डोळे भरले होते. गेले अठरा दिवस त्यांना वाटत होतं की यंत्राने काही न सांगता दगा दिला, आणि तीस वर्षं आपण जे ऐकत आलो ते सगळं मनाचे खेळ होते. मला आजवर वाटत होतं, त्यांना चिंता नोकरीची आहे. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, चूक तुझी. पण तुला बसवलं मी आणि पट्टीही माझी. दोघं जाऊ.

माझी नोकरी जाईल, ते नक्की. प्रकरण पोलिसांत जाईल का, ते तपासनीस ठरवतील. काकांचं काय होईल ते मला माहीत नाही, चक्कर लपवल्याचा जाब त्यांनाही द्यावा लागेल, पण बहिरा आणि निष्काळजी हे दोन शब्द तरी पुसले जातील. फोनवर हे बोललो नाही, कारण तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा काही नाही म्हणालो असतो. आणि पत्र लिहिलं ते केवळ तुला कळावं म्हणून नाही. सोमवारी नऊपर्यंत मी टिकेन याची मला खात्री नाही. मी वही फाडून निघून येणारा माणूस आहे, ऐन वेळी एखाद्या गाडीत बसून कुठे जाईन याचा नेम नाही. पण तुझी आई उद्या दुपारी सव्वाच्या बसने तुझ्याकडे निघतेय, हे पाकीट तिच्या पिशवीत टाकतोय, आणि ते एकदा तुझ्या हातात पडलं की मला पळायला वाट उरत नाही. माझं काय करायचं ते सावकाश ठरव. त्याआधी, उद्या संध्याकाळीच, बाबांना फोन कर. तू विचारलंस तर ते आवाज कसा होता तेच आधी सांगतील, ऐकून घे. मला त्यांनी दोनच गोष्टी बजावल्यात, सोमवारी दाढी करून ये आणि कुणी काहीही बोललं तरी आवाज चढवू नकोस. दाढी करीन.

तुझाच,
तू नको म्हणेपर्यंत