ह्यांचं चालत खेळणं

४ फेब्रुवारी
हे ऐकत नाहीत, आणि मुलीला फोनवर सांगावं तर तीही घाबरेल. म्हणून इथे लिहिते. ह्यांना हृदयविकाराचा झटका येऊन वर्षसुद्धा झालेलं नाही आणि ह्यांनी फुटबॉलच्या संघात नाव घातलं! म्हणे चालत खेळायचा असतो. एक पाय कायम जमिनीवर हवा. धावलं की फाऊल, चेंडू समोरच्यांना. डॉक्टर हसून म्हणाले, "चालत खेळणार असतील तर खुशाल जाऊ द्या."
हे चालत खेळणार? कॉलेजात मी ह्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मैदानातच. चेंडू दिसला की ह्यांचे पाय आधी सुटतात, डोकं मागून येतं.

७ फेब्रुवारी
सोबत गेले. शाळेमागचं मैदान, साठी उलटलेले दहा-बारा पुरुष: बेकरीवाले, एक दंतवैद्य, एक निवृत्त पोस्टमन, असे. बस सुटतेय पण धावताना कुणी पाहू नये, अशी सगळ्यांची लगबग. हसू आवरेना. मग चेंडू ह्यांच्याकडे आला आणि हसू पळालं. जरा चालले आणि—दोन्ही पाय हवेत!
"पाय!" मी कडेवरून ओरडले.
सगळे थांबले. बेकरीवाले म्हणाले, "वहिनी, नजर एवढी तिखट आहे तर शिट्टी तुम्हीच धरा. आमची रोज ह्यावरूनच जुंपते."
धरली.

११ फेब्रुवारी
ह्यांना पुन्हा पुन्हा पकडलं. तेवढ्यात दंतवैद्य दुडक्या चालीने गोलपर्यंत पोचले, ते मला दिसलंच नाही. निवृत्त पोस्टमन म्हणाले, "घरचं भांडण मैदानात आणू नका हो!"
त्यांना काय कळणार? दुपारी हे झोपले की छातीवरची चादर हलतेय ना, ते मी दारातून बघते.

१८ फेब्रुवारी
परतताना कडाक्याचं वाजलं.
"मी चालत होतो."
"धावणार होतात."
"अगं, होणाऱ्या फाऊलची शिट्टी मारतात का कुठे?"
औषधांच्या कारखान्यात आयुष्यभर गोळ्या तपासल्या मी. नुसती शंका आली तरी सगळा माल बाजूला. शंकेने कुणी मेलं नाही, असं ह्यांना सुनावलं.
हे रस्त्यातच थांबले. "मी गोळी नाही गं," म्हणाले.


१९ फेब्रुवारी
अबोला. चहा मात्र ह्यांनीच केला.

२५ फेब्रुवारी
आज शिट्टी दातांत धरली आणि वाजवली नाही. हे चेंडू घेऊन निघाले. आता धावणार, वाटलं! पण चालले—खरंच चालत गेले, आणि गोल! पोस्टमनने पाठीवर थाप मारली. "हळू!" मीच ओरडले. सगळे हसले, हेही.
दात आवळून जबडा ठणकतोय. डावा हातही. घोर लावून घेतला की असंच व्हायचं.

२७ फेब्रुवारी
ह्यांची तपासणी. डॉक्टर खूश. उठता उठता मला म्हणाले, "आणि तुमची तब्येत?"
"मला काय धाड भरलीय!"

६ मार्च, रुग्णालय
परवा कोसळले ती मी. मैदानाच्या कडेला, उभ्या उभ्या. हृदयविकाराचा झटका—माझा! हे पलीकडच्या गोलपासून धावत आले, असं बेकरीवाले सांगून गेले. चांगलेच धावले म्हणे. ह्यांना काहीही झालेलं नाही.
मला आत नेताना नर्सने माझं सामान ह्यांच्या हवाली केलं. त्या यादीचा कागद उशाशी आहे. चष्मा, घड्याळ, कानातली, बूट, खालच्या दातांची कवळी—जी ह्यांनी आजवर कधी पाहिली नव्हती. "सगळं मिळालं" असं लिहून खाली ह्यांची सही. एरवी मोत्यासारखं असणारं अक्षर लागत नाही.