टँकर आधी कुणाला

ती. काकांना,

जव्हारहून सुदर्शनचा नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका सांगितलं आणि तुम्ही कौलं शाकारायला चढलात, असं आई म्हणते.

इकडे सगळं बरं आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पाड्यांवर जाणाऱ्या टँकरांचं वेळापत्रक लावणारं अ‍ॅप तुमची निशा, धर्मेंद्र, हर्षदा आणि मी बनवतो, मुख्य मी. सुरुवातीला मुख्यासारखाच वागलो. बटणाचा रंग, मेसेजमधला स्वल्पविराम, सगळं मला विचारून. (धर्मेंद्र संगणक बंद करायचीही परवानगी मागायचा. ती चेष्टा होती हे फार उशिरा कळलं.) मग एका लग्नाला जामसरला गेलो, फोनला रेंज नाही, आणि परतलो तर तिघं हात बांधून बसलेले. "तुम्ही नव्हतात ना, सर," हर्षदा म्हणाली.

तेव्हा ठरवलं, स्वातंत्र्य द्यायचं आणि पूर्ण द्यायचं. कुणी काही विचारायला आलं की मी प्रेमाने हसून खिडकीबाहेर बघायचो. निशा म्हणाली, "दादा, एवढं एकच तू सांग, टँकर आधी कुणाला. कसं करायचं ते आम्ही बघू." मी हसलो आणि खिडकीबाहेर बघितलं.

धर्मेंद्र लांबच्या सूर्यमाळचा, त्याने ठरवलं, लांबच्या पाड्याला आधी. हर्षदाने ठरवलं, जिथे घरं जास्त तिथे आधी. दोघांचे नियम अ‍ॅपमध्ये एकदमच चालू झाले. एका पाड्यावर दोन टँकर गेले आणि शेजारच्या पाड्यावर बायका संध्याकाळपर्यंत हंडे मांडून बसल्या. मी आणि निशा तिथे गेलो. लाडकीबाई नावाच्या म्हातारीने विचारलं, "आमचा पाडा कोनी गाळला?" बघायला खिडकी नव्हती. काका, मला फार लाज वाटली.

आता नियम एकच आणि तो मी सांगितलाय: ज्याची विहीर आधी आटली त्याला पाणी आधी. स्वल्पविराम त्यांचे त्यांनी बघावेत. काकूंना नमस्कार.

तुमचा
सुदर्शन

ता. क. निशाने राजीनामा दिलाय. पुण्याला जाते म्हणते. तिच्याशिवाय हे काम माझ्याच्याने होणार नाही. तिला थांबवा. काय बोलायचं ते तुमच्या मनाने ठरवा. फक्त जेवण झाल्यावर बोला, पगाराचा विषय काढू नका, माझं नाव शेवटी घ्या, आणि 'दादा बदललाय' हे वाक्य जरूर घाला.

आणखी एक ता. क. वरचं आत्ता वाचून बघितलं. सगळं सोडा. तिला काय करायचंय, एवढंच विचारा. जाते म्हणाली तर एसटीपर्यंत तिची बॅग मी उचलेन. कुठल्या सीटवर बसायचं ते सांगणार नाही.