सशाला घातलेलं न्हाणं

आये, तुला जाऊन लय वर्षं झाली. तुला वाचता येत न्हवतं, मलाबी दुसरीपातूरचंच येतं, तरी लिहितेय. हितं लोणावळ्यात माझ्या लेकाच्या घरी एक ससा हाय. हसू नको. आपल्या गावाकडं, कुरवंड्याच्या रानात ससा दिसला की आपली माणसं काठ्या घेऊन पळायची, आन् हितं माझ्या नातीनं हट्ट करून पाळायला आणलाय. पांढरा, कापसाच्या बोळ्यावानी. नात माझी लय गोड गं. बोलायला लागली की थांबत न्हाई. समदी म्हणतात आजीवर गेलीय, तर मी कुटं न्हाई म्हणते!

लेकानं पिंजरा आणला तो तारेचा. मी म्हटलं, ह्या तारा त्याच्या पायाला रुततील, आपण तरी झोपू का जाळीवर? मग खाली फळी टाकली, वर गोणपाट, त्यावर वाळलं गवत चांगलं वीतभर. आंब्याच्या पेटीला भोक पाडून आत ठेवली, भ्यालं की शिरायला. पाण्याची वाटी तो पालथी घालायचा, तर मातीचं जड भांडं दिलं. टीव्हीपासून लांब, वारं लागत न्हाई अशा कोपऱ्यात समदं मांडलं. ससा पाय ताणून ऐसपैस पसरला, तशी नात टाळ्या पिटायला लागली. "आजी, तू तर त्याला बंगलाच बांधलास!" मी म्हटलं, "मग? शनवार-रयवार भाड्यानं देऊ, मुंबईची माणसं येतील." पोट दुखंपर्यंत हसलो दोघी.

तितंच थांबायचं व्हतं, आये. पण त्याच्या पायाला घाण लागलेली, वास यायचा, आन् माझ्या डोळ्यांपुढं तू. गावात कुणाच्याबी घरी बाळ झालं की तुलाच बोलावणं. तू पाय लांब करून बसलीयस, नडग्यांवर पोर पालथं, मी तांब्यानं ऊन पाणी सोडतेय, आन् तू वरडतेस, "अगं, धार बारीक सोड, पोर हाय ते, म्हस न्हवं!" मग ओव्याची धुरी, आन् पोर गाढ झोपतं. नात शाळंत गेली तसं मी सशाला तसंच केलं. तेल, डाळीचं पीठ, ऊन पाणी, धुरी. आधी लय धडपडला, मग गप पडला. मला वाटलं, न्हालेलं पोर झोपतंच. फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतला आन् गाणं म्हणत बसले गं मी.

नातीनं आल्या आल्या हात लावला. "आजी, ह्याचे कान गार का पडलेत?" जनावरांच्या डाक्टरकडं नेला. भला माणूस, रागावला न्हाई. "आजी, सशाला आंघोळ घालत नसतात. तो झोपला नव्हता, भ्याला होता. आता त्यानं खाल्लं तर वाचेल." तोंडात पाजायला औषध दिलं. नात एवढंच म्हणाली, "तू त्याला हात लावायचा नाहीस." तवापासनं माझ्याशी शब्द न्हाई. शेजारी जेवायला बसते आन् भिंतीकडं बघते. ससा पेटीत तोंड घालून बसलाय. तुझ्याकडनं एवढी एकच विद्या घेतली व्हती मी. त्याच हातांनी ह्या नातीलाबी न्हाऊमाखू घातलं. आता हे हात कुटं ठेवावं तेच कळत न्हाई.

आज ती शाळंतनं यायच्या आधी पिंजऱ्यात बघितलं. सकाळी घातलेलं गवत व्हतं तसंच. मी त्यातलं मूठभर उचललं आन् परसात टाकून आले. नात आली, वाकून बघितलं. "आजी! खाल्लं ह्यानं?" मी म्हटलं, "व्हय." तिनं गळ्यात हात टाकलं आन् शाळंतलं समदं सांगत सुटली. कोण पडलं, कुणाचा डबा सांडला, बाईंनी कुणाला उभं केलं. हा कागद धाडायला जागा न्हाई, ऱ्हाऊ दे माझ्याकडंच. ससा अजून उपाशी हाय, आये. आन् मला लय बरं वाटलं.